विटकरी कड

जुन्या लाल वाइनचे वय जिभेला कळण्याआधी डोळ्यांना कळते, आणि ते कळते पेल्याच्या कडेला. पांढऱ्या कापडावर पेला किंचित कलता धरला की वाइनचा थर काचेच्या दिशेने पातळ होत जातो आणि त्या निमुळत्या पट्टीत रंगांची एक उतरंड उलगडते: मध्यभागी अजून टिकून असलेला माणकाचा लाल, त्याबाहेर फिकट डाळिंबी, मग भाजलेल्या विटेचा तांबूस तपकिरी, आणि अगदी काठाशी, वाइन संपून काच सुरू होते तिथे, जवळजवळ पाण्यासारखी एक रेघ. दोन-तीन वर्षांच्या वाइनमध्ये ही उतरंड सापडत नाही. तिचा जांभळट लाल रंग मध्यापासून काठापर्यंत एकसारखा, दाट आणि काहीसा उद्दाम असतो. जाणकार ही कड फार वेळ न्याहाळतात आणि बाहेरून पाहणाऱ्याला तो निव्वळ शिष्टाचार वाटतो. परंतु बाटलीवरच्या चिठ्ठीतले साल खोटे असू शकते, बाटली उबदार जागी पडून राहिल्यामुळे वाइन अकाली थकलेली असू शकते, आणि या दोन्ही गोष्टींची पहिली शंका येते ती कडेकडे पाहूनच.

द्राक्षाचा रस, काळ्या द्राक्षाचासुद्धा, बहुतेक जातींत रंगहीनच असतो. लाल वाइनला रंग येतो तो रस सालींसह आंबवला जातो म्हणून. सालीतल्या या रंगद्रव्यांना अँथोसायनिन म्हणतात, आणि जांभळाला व कोकमाला त्यांचा रंग देणारी द्रव्येही याच कुळातली आहेत. सुटी अँथोसायनिने अल्पायुषी असतात. पहिल्या काही वर्षांतच त्यांतली बरीचशी विघटित होतात, तर उरलेली टॅनिनांशी, म्हणजे साल, बी आणि पिंपाचे लाकूड यांतून उतरलेल्या तुरट द्रव्यांशी, बांधली जाऊन मोठ्या रेणूंमध्ये सामावतात. या मोठ्या रेणूंचा रंग अधिक टिकाऊ असला तरी तो जांभळ्याकडून तांबड्या-तपकिरीकडे झुकलेला असतो. त्यांतले काही इतके वाढतात की द्रवात तरंगत राहणे त्यांना शक्य होत नाही आणि ते तळाशी गाळ होऊन बसतात; या गाळाला साका म्हणावे. कडेवरची वीट आणि तळाचा साका या अशा रीतीने एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत, आणि वर जे फिके होत गेले त्यातले बरेचसे खाली गाळ होऊन पडलेले असते.

हे सगळे एखाद्या विशिष्ट वाइनच्या संदर्भात पाहिले तर अधिक स्पष्ट होते, आणि त्यासाठी १९६१ सालच्या बोर्दोइतके बोलके उदाहरण शोधूनही सापडणार नाही. फ्रान्सच्या नैर्ऋत्येला गारोन आणि दोर्दोन्य या दोन नद्या एकत्र येऊन जिरोंद नावाचे रुंद खाडीमुख तयार होते, आणि त्याच्या डाव्या काठाने मेदॉकची अरुंद पट्टी समुद्राच्या दिशेने जाते. इथली जमीन शेतीच्या नेहमीच्या मोजमापाने दरिद्री आहे. नदीने आणून टाकलेल्या गोट्यांचे आणि खड्यांचे बुटके उंचवटे, त्यांतून झटकन निचरा होणारे पाणी, आणि ओलाव्याच्या शोधात खोल जाणारी मुळे, एवढ्यावर इथल्या द्राक्षबागा उभ्या आहेत. पट्टीच्या दक्षिण भागातल्या मार्गो परिसरात शातो पाल्मेर ही बाग आहे. शातो म्हणजे खरे तर गढी किंवा वाडा, पण बोर्दोमध्ये बाग, तळघर आणि मालकाची इमारत या सगळ्यांना मिळून हे नाव दिले जाते. १८१४ मध्ये चार्ल्स पाल्मर या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने ही बाग विकत घेतली आणि आपले नाव तिला दिले. पुढे १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनानिमित्त तिसऱ्या नेपोलियनच्या इच्छेवरून बोर्दोच्या दलालांनी मेदॉकच्या वाइनची बाजारभावांच्या आधारे पाच श्रेणींत वर्गवारी केली, तेव्हा पाल्मेर तिसऱ्या श्रेणीत बसली आणि आजही ती तिथेच आहे, कारण या वर्गवारीत त्यानंतरच्या काळात जवळजवळ काहीच बदललेले नाही. १९७३ मध्ये मुतों रोथशिल्ड ही बाग दुसऱ्या श्रेणीतून पहिल्या श्रेणीत गेली हा त्यातला मोठा अपवाद. तरीही १९६१ची पाल्मेर त्या वर्षीच्या पहिल्या श्रेणीतल्या वाइनच्या शेजारी बिनदिक्कत ठेवली जाते, आणि कागदावरची श्रेणी व बाटलीतले सत्य यांच्यात किती अंतर पडू शकते याचा दाखला म्हणून तिचे नाव वारंवार घेतले जाते.

त्या वर्षी वसंतात फुलोऱ्याच्या ऐन काळात थंडी पडली. द्राक्षाची फुले इवलीशी असतात, त्यांचे परागण उबदार, कोरड्या हवेवर अवलंबून असते, आणि हवा बिघडली की फुले व नुकतेच धरलेले मणी झडून जातात. नाशिककडचा बागायतदार या संकटाला नुसते ‘गळ’ म्हणतो, फ्रेंच त्याला ‘कुल्यूर’ म्हणतात, आणि दोन्ही ठिकाणी तो शब्द उच्चारताना चेहरा सारखाच उतरत असणार. पीक अगदी थोडे आले. त्यात ऑगस्टमध्ये पाऊस पडला नाही, त्यामुळे जे मणी वेलींवर राहिले ते फुगले नाहीत; लहान, जाड सालीचे आणि घट्ट राहिले. मणी लहान असला की रसाच्या मानाने सालीचे प्रमाण वाढते, आणि साल म्हणजे रंग व टॅनिन. बागायतदाराच्या वहीत ज्या वर्षाची नोंद तोट्याच्या बाजूला व्हायची, तेच वर्ष त्या थोड्याशा वाइनला पुढच्या कित्येक दशकांचे बळ देऊन गेले. १९४५ मध्येही असेच घडले होते; मे महिन्यातल्या हिमदवाने कोवळे फुटवे जाळले, उन्हाळा कडक गेला, आणि युद्ध संपल्यावरच्या त्या पहिल्या हंगामात थोडी पण दीर्घायुषी वाइन हाती आली. दीर्घायुष्याचा असा नियम मांडता येत नाही, कारण थोडे पीक येऊनही वाइन सामान्य निघाल्याची वर्षे पुष्कळ आहेत, पण या दोन वर्षांच्या वाइन चाखणाऱ्यांच्या मनात त्यांमागच्या नुकसानीची जाणीव कुठेतरी असतेच आणि ती असावीही.

अशी वाइन तरुणपणी सुखद नसते. २२५ लिटरच्या ओक लाकडाच्या पिंपात दीड-दोन वर्षे राहून ती बाटलीत भरली जाते, तेव्हा तिच्यातले टॅनिन तोंडातल्या लाळेच्या प्रथिनांना पकडते, आणि जीभ, हिरड्या, गालांची आतली बाजू कोरडी पडून आक्रसल्यासारखी होते. काबर्ने सोव्हिन्यों या जातीत हा स्वभाव विशेष प्रबळ असतो, तर मर्लो ही दुसरी जात वाइनला थोडी मांसल, मवाळ करते. पाल्मेरमध्ये मर्लोचे प्रमाण मेदॉकच्या रीतीपेक्षा बरेच जास्त असते. जुन्या काळी बोर्दोच्या चांगल्या वाइनसाठी वाट पाहणे ही हौस नव्हती, ती गरज होती, कारण दहा-पंधरा वर्षांच्या आत तिच्याशी जुळवून घेणेच कठीण होते.

बाटलीत पुढे काय होते याचा विचार करताना मराठी माणसाला लोणचे आठवणे साहजिक आहे, आणि ही तुलना काही अंतरापर्यंत उपयोगी पडते. लोणचे मुरते तेव्हा मीठ, तिखट आणि तेल फोडीच्या आत शिरते, म्हणजे बाहेरचे काहीतरी आत येऊन फळाला नवी चव देते. बाटलीतल्या वाइनमध्ये बाहेरून जवळजवळ काहीच शिरत नाही. जे होते ते आतल्या आतच, मूळच्या भांडवलाच्या फेरमांडणीतून होते: टॅनिनांचे रेणू एकमेकांना जोडले जातात, तुटतात, पुन्हा जोडले जातात, त्यातले काही साका होऊन बसतात, आम्ल आणि मद्यार्क यांच्या संथ संयोगातून नवी गंधद्रव्ये बनतात, आणि ताज्या फळाचा गंध देणारी द्रव्ये हळूहळू नाहीशी होतात. यातला ‘नाहीशी होतात’ हा भाग सोडून देण्याची सवय वाइनविषयीच्या प्रशंसापर लेखनाला फार आहे. प्रौढत्वाने वाइनला काहीतरी मिळते असे म्हटले जाते, आणि मिळतेही, परंतु मिळण्याचा मार्ग गमावण्यातूनच जातो. रंग जातो, फळ जाते, तुरटपणाची धार जाते, आणि या वजाबाकीनंतर जे उरते व जे नव्याने ऐकू येऊ लागते त्यालाच जुन्या वाइनची चव म्हणतात.

हवेचा या सगळ्यात वाटा किती, हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही दीर्घकाळ सतावत राहिला. लुई पाश्चरने १८६६ मध्ये वाइनवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याने काचेच्या नळ्यांत वाइन काठोकाठ भरून आणि काही नळ्यांत हवा ठेवून त्या बंद केल्या, दोहोंतला फरक पाहिला आणि वाइन घडवतो तो प्राणवायूच, या निष्कर्षाला तो आला. विसाव्या शतकात झां रिबेरो-गायों आणि एमील पेन्यो या बोर्दोच्या संशोधकांनी याला वेगळे वळण दिले: पिंपातल्या वाइनला थोडी हवा मिळणे उपकारक खरे, पण बाटलीतला परिपाक हा मुख्यतः हवेपासून दूर, जवळपास कोंडलेल्या अवस्थेत होतो, आणि तिथे हवा शिरणे म्हणजे ऱ्हासाला आमंत्रण होय. दोन्ही मतांना जोडणारा दुवा म्हणजे बूच. ते वर्षाकाठी अगदी मिलिग्रॅमच्या मापातला प्राणवायू आत जाऊ देते, आणि एवढ्या क्षुल्लक झिरपेवर कितीतरी काही अवलंबून असते.

त्या बुचाचेही स्वतःचे वय असते. भूमध्य सागरी प्रदेशाच्या पश्चिम भागात, विशेषतः पोर्तुगालच्या आलेंतेजु प्रांतात, कॉर्क ओकची झाडे वाढतात. झाड सुमारे पंचवीस वर्षांचे झाल्यावर त्याची साल प्रथम सोलली जाते, पुढे किमान नऊ-नऊ वर्षांच्या अंतराने, आणि बुचासाठी योग्य अशी एकसंध साल मिळते ती तिसऱ्या सोलणीपासून. म्हणजे एखाद्या तरुण वाइनच्या तोंडावर बसवलेले बूच ज्या झाडाचे असते ते झाड वाइन जन्मली तेव्हाच चाळिशी ओलांडून गेलेले असते.

वाइन दीर्घकाळ राखण्याची कल्पना मात्र बुचापेक्षा फार जुनी आहे. रोमन लोक ओपिमियस हा कॉन्सल असतानाच्या, म्हणजे इ. स. पूर्व १२१ मधल्या वाइनचा अतोनात गौरव करीत; परंतु प्लिनी या रोमन लेखकाने तिच्याविषयी जवळपास दोनशे वर्षांनंतर लिहिले ते असे की ती आता कडवट मधासारखी दाट झाली असून नुसती पिण्याजोगी राहिलेली नाही, दुसऱ्या वाइनला चव आणण्यापुरती थोडीशी वापरली जाते. हीच रोमन वाइन अ‍ॅम्फोरा नावाच्या, दोन कानांच्या निमुळत्या मातीच्या रांजणांतून पश्चिम भारतातही येत होती. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात भडोचच्या बंदरात उतरणाऱ्या मालात वाइनचा, आणि त्यातही इटलीच्या वाइनचा, स्पष्ट उल्लेख आहे, आणि त्या बंदराशी व्यापार करणाऱ्या आतल्या बाजारपेठा म्हणून पैठण व तेर यांची नावे येतात. घारापुरीच्या किनाऱ्यावर अ‍ॅम्फोरांची खापरे सापडली आहेत. इकडच्या वैद्यकालाही मद्याच्या वयाचे भान होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात नवे मद्य जड व दोष वाढवणारे, तर जुने मद्य हलके, रुचकर, भूक वाढवणारे आणि शरीरातली स्रोतसे शुद्ध करणारे, असा भेद केलेला आहे.

मध्ययुगीन युरोपने मात्र ही कला गमावली. वाइन पिंपात असे, पिंप रिकामे होत जाई तशी आत हवा शिरे, आणि वर्ष उलटले की तिला आंबूस झाक येई. त्या काळी नवी वाइन महाग आणि जुनी स्वस्त होती, ही गोष्ट आजच्या लिलावांच्या पार्श्वभूमीवर मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. परिस्थिती पालटली ती इंग्लंडमधल्या काचेमुळे. जहाजबांधणीसाठी लाकूड राखावे म्हणून १६१५ मध्ये पहिल्या जेम्स राजाने काचभट्ट्यांत लाकूड जाळण्यास बंदी घातली, भट्ट्या दगडी कोळशावर गेल्या, उष्णता वाढली, आणि जाड, काळपट, भक्कम बाटल्या बनू लागल्या. आरंभी त्या बसक्या पोटाच्या होत्या, पण अठराव्या शतकाच्या ओघात त्या उंच आणि सरळ बाजूंच्या झाल्या, तेव्हाच त्या आडव्या रचता येऊ लागल्या. बाटली आडवी राहिली की वाइन बुचाला भिजवत ठेवते, बूच सुकत नाही आणि हवा दूर राहते. तळघरात १२-१३ अंश तापमानात, अंधारात, पुरेशा दमट हवेत वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या बाटलीचे चित्र यानंतरच शक्य झाले. मुंबई-पुण्याच्या घरांत परदेशातून भेट आलेली वाइन दिवाणखान्याच्या काचेच्या कपाटात मानाने उभी ठेवली जाते, तिथे उजेड, उष्णता आणि कोरडे पडणारे बूच हे तिघेही तिच्याविरुद्ध काम करीत असतात; प्रेमाने केलेली ती जपणूक वाइनला काही उन्हाळ्यांतच संपवते.

साठ वर्षांची बाटली उघडण्याची तयारी आदल्या दिवशीच सुरू होते. ती एक-दोन दिवस उभी ठेवावी लागते, म्हणजे बाजूला चिकटलेला साका तळाशी उतरतो. पातळी कुठवर आली आहे ते पाहिले जाते. नव्या बाटलीत वाइन मानेत असते, जुन्या बाटलीत ती खांद्याच्या वरच्या टोकापर्यंत उतरलेली असली तरी वयोमानाप्रमाणे ठीक मानतात, पण खांद्याच्या मध्यावर गेली असेल तर बुचाने दगा दिल्याची शंका येते. बूच काढणे हे यातले सर्वांत नाजूक काम असते, कारण इतक्या वर्षांनी ते भुसभुशीत झालेले असते आणि मळसूत्र आत फिरवताच तुकडे पडतात. म्हणून पुष्कळजण दोन पातळ पात्यांचे साधन वापरतात, ज्याची पाती बूच आणि काच यांच्या मधून सरकवून ते हलकेच पिरगाळत वर काढले जाते. मग वाइन एका धारेने निथळ सुरईत ओतली जाते, बाटलीच्या मानेखाली मेणबत्ती किंवा दिवा धरून, आणि मानेत साक्याची पहिली काळी रेघ दिसताच हात थांबतो. वाइनला ‘श्वास’ घेऊ द्यावा म्हणून ती तासन्‌तास आधी ओतून ठेवण्याची पद्धत लोकप्रिय असली तरी पेन्यो तिच्या विरुद्ध होता. साका असलेली वाइनच निथळावी आणि तीही वाढण्याच्या थोडी आधीच, असे त्याचे म्हणणे होते. इतक्या जुन्या वाइनच्या बाबतीत तो सावधपणा पटतो, कारण अशा वाइनचा उघडल्यानंतरचा काळ कधी कधी तासाभराचाही नसतो.

पहिला गंध बहुधा निराश करणारा असतो. बंद खोलीचा, ओल्या भिंतीचा, जुन्या कागदाचा असा काहीसा कोंदट वास येतो आणि बाटली मेलेली आहे असा निर्णय घाईने दिला जाण्याचा धोका इथेच असतो. पाच-दहा मिनिटे पेल्याला तसेच राहू दिले तर तो कोंदटपणा विरतो आणि त्याखालचे थर वर येतात: देवदाराच्या पेटीचा सुगंध, सुकलेली तंबाखूची पाने, कमावलेले कातडे, अंजीर, आणि ओल्या पाचोळ्याने झाकलेल्या जंगलजमिनीचा गंध. फ्रेंच चाखणारे द्राक्षातून व आंबण्यातून आलेल्या ताज्या गंधाला वेगळे मानतात आणि काळाने घडवलेल्या या गंधसमूहाला ‘बुके’ म्हणतात. त्यातल्या भूछत्रासारख्या, ट्रफलच्या गंधाचा उगम अंशतः डायमिथिल सल्फाइड या गंधकयुक्त द्रव्यात आहे. ट्रफल म्हणजे ओकच्या मुळांपाशी जमिनीखाली वाढणारी, तीव्र वासाची बुरशी. डायमिथिल सल्फाइड जास्त झाले तर उकडलेल्या भाज्यांची आठवण येते. सुगंध आणि दुर्गंध यांच्यात इथे प्रमाणाखेरीज फारसा फरक नाही, आणि जुन्या वाइनची मोहिनी बऱ्याच अंशी तिच्या या सीमेवर उभे असण्यात आहे.

तोंडात घेतल्यावर लक्षात येते ते वजनाचे हरपणे. एकेकाळी तोंड आक्रसवणारे टॅनिन आता नुसता पोत होऊन उरलेले असते, आणि १९६१च्या पाल्मेरविषयीच्या नोंदींत तिच्या रेशमी स्पर्शाचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो तो यामुळेच. आम्लता मात्र फारशी कमी होत नाही. फळाचे मांस उतरत गेले की हा आम्लाचा कणा अधिक उघडा पडतो, आणि वाइन जिवंत आहे की नाही हे त्या कण्याभोवती अजून काही शिल्लक आहे का यावर ठरते. शिल्लक असेल तर घोट गिळल्यानंतरही चव जात नाही, रेंगाळते, मध्येच दिशा बदलते, कुठूनतरी सुकलेल्या चेरीचा धागा पुन्हा वर येतो. मग अर्ध्या-पाऊण तासाने, पेल्यात थोडीशीच उरलेली असताना, गंध सपाट होऊ लागतो आणि सहा दशके टिकलेली रचना डोळ्यांसमोर मोडते. सगळ्या कलांमध्ये पुनरावृत्तीची काही ना काही सोय आहे. चीज पुन्हा गाता येते, पोथी पुन्हा वाचता येते. इथे कृती समजून घेण्याचा एकमेव मार्ग म्हणजे ती संपवून टाकणे, आणि शेजारची बाटली उघडली तरी ती तीच वाइन असेल याची खात्री नाही, कारण एकाच पेटीतल्या बारा बाटल्या बारा बुचांखाली बारा वेगवेगळ्या रीतींनी म्हाताऱ्या झालेल्या असतात. त्यांतली एखादी बुचातल्या बुरशीजन्य ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोल या द्रव्याने बाधित असू शकते, ज्याचा अत्यल्प अंशही वाइनचा गंध पुसून तिथे ओल्या पुठ्ठ्याचा वास ठेवतो.

म्हणून वाइनच्या भवितव्याविषयीच्या भाकितांचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. १९७५च्या बोर्दोमध्ये टॅनिन मुबलक होते आणि ती वर्षानुवर्षे टिकेल असे मानले गेले; पुष्कळ बाटल्यांत टॅनिन मऊ होण्याआधीच फळ वाळून गेले. उलट १९८२ची वाइन फार पिकलेली, फार मवाळ, म्हणून टिकायची नाही असे काही समीक्षकांनी म्हटले, रॉबर्ट पार्कर या अमेरिकन समीक्षकाने तिची बाजू उचलून धरली, आणि ती उत्तम टिकली. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या इंग्रज वाइनविक्रेत्याने भरवलेल्या आंधळ्या चाचणीत, म्हणजे नावे झाकून घेतलेल्या चाचणीत, कॅलिफोर्नियाच्या वाइन फ्रेंच परीक्षकांच्या गुणांनी पहिल्या आल्या, तेव्हा त्या म्हातारपणी टिकणार नाहीत असा युक्तिवाद झाला. तीस वर्षांनी, २००६ मध्ये, त्याच लाल वाइन पुन्हा चाखल्या गेल्या आणि कॅलिफोर्नियाचीच १९७१ची रिज माँटे बेल्लो पहिली आली.

या साऱ्यांत मॅक्स शुबर्टची कथा सर्वांत हृद्य आहे. पेनफोल्ड्स या ऑस्ट्रेलियन कंपनीने आपल्या या वाइनकाराला १९५० मध्ये शेरी आणि पोर्ट यांचा अभ्यास करण्यासाठी स्पेन व पोर्तुगालला पाठवले होते. तिथून तो बोर्दोला गेला, आणि तिथे त्याला चाळीस-पन्नास वर्षांच्या वाइन चाखायला मिळाल्या. तोवर ऑस्ट्रेलियात प्रामुख्याने गोड, मद्यार्क मिसळलेल्या वाइन बनत. परतल्यावर १९५१ मध्ये त्याने शिराझ जातीपासून, नव्या अमेरिकन ओकच्या पिंपांत, दशकानुदशके टिकावी अशी वाइन बनवून पाहिली आणि तिला ग्रेंज हे नाव दिले. तरुण ग्रेंज चाखणाऱ्यांनी तिची इतकी निर्भर्त्सना केली की १९५७ मध्ये वरिष्ठांनी उत्पादन थांबवण्याचा आदेश दिला. शुबर्टने १९५७, १९५८ आणि १९५९ या तीन वर्षांची वाइन गुपचूप, नव्या पिंपांवाचून, बनवणे चालू ठेवले. दरम्यान आधीच्या वर्षांच्या बाटल्या स्वतःच्या गतीने मवाळ झाल्या. संचालकांनी त्या पुन्हा चाखल्या, आणि १९६० मध्ये उत्पादन पुन्हा सुरू करण्याची आज्ञा निघाली. त्याच्या बाजूची खरी साक्ष त्या तीन वर्षांत वाइनच देऊ शकत होती आणि तिला बोलण्याजोगे व्हायला वेळ लागत होता.

वाइन राखणारा आणि ती पिणारा एकच असेल असे नाही, किंबहुना अनेकदा तो नसावा अशीच योजना असते. इंग्लंडमध्ये मुलाच्या जन्मवर्षाच्या पोर्टचे सुमारे ५५० लिटरचे एक पिंप त्याच्यासाठी राखून ठेवण्याची पद्धत श्रीमंत घरांत होती. ते मूल सज्ञान होईल तेव्हा वाइनही पिण्याजोगी होईल असा हिशेब. जॉर्ज सेंट्सबरी या इंग्रजी वाङ्मयाच्या प्राध्यापकाने पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, १९२० मध्ये, आपल्या तळघराच्या जुन्या नोंदवहीवरून एक छोटे पुस्तक लिहिले, आणि त्यात वाइनइतकीच ती कोणाबरोबर घेतली त्यांची सोबत दरवळते. आजच्या लिलावांत १९४५ किंवा १९६१च्या बाटल्या एका संग्राहकाकडून दुसऱ्याकडे जातात, त्यांची किंमत वाढत राहते आणि त्या उघडल्या जात नाहीत. वाइन जोवर पिण्याजोगी आहे तोवर तिच्यावर झालेला हा अन्यायच म्हटला पाहिजे, कारण बंद बाटलीतले रसायन किमतीची पर्वा न करता चालूच असते, आणि शेवटी चिठ्ठी, काच व निष्प्राण द्रव यांपलीकडे काही उरत नाही.

नाशिकच्या लाल वाइनला असा दीर्घ प्रवास सहसा घडत नाही. उष्ण कटिबंधात वेल थंडीने झोपी जात नाही, म्हणून तिला वर्षातून दोनदा छाटावे लागते, एप्रिलात खरड छाटणी आणि पावसाळा संपता-संपता गोडी छाटणी, आणि पीक उतरते ते हिवाळ्याच्या अखेरीस. त्यातून बनणारी बहुतेक वाइन काही वर्षांतच प्यावी अशी असते, आणि त्यात कमीपणा नाही, कारण जगातली बहुतांश वाइन तशीच असते. उलट प्रश्न आता बोर्दोसमोर उभा आहे. १९६१च्या सुमारास तिथल्या वाइनमध्ये मद्यार्क १२ टक्क्यांच्या आसपास असे, आता तो १४ टक्क्यांना सहज पोचतो. उन्हाळे तापू लागले, द्राक्षे लवकर व अधिक पिकू लागली, आणि २०२१ मध्ये पोर्तुगालच्या तुरिगा नासियोनालसारख्या उष्णता सोसणाऱ्या काही जातींना मर्यादित प्रमाणात अधिकृत प्रवेश देण्यात आला. अधिक पिकलेल्या द्राक्षांचे टॅनिन जन्मतःच गोलसर असते, आणि वाइनकारांनीही ते मवाळ ठेवण्याच्या युक्त्या साधल्या आहेत. पूर्वी वाट पाहणे भाग होते. आताची बोर्दो चार-पाच वर्षांतच जिभेला रुचते, तिच्यातले फळ शाबूत असते, आणि ती तेव्हाच पिऊन टाकणाऱ्याला दोष देण्याचे काही कारण सापडत नाही. तरीही काहीजण आजच्या पेट्या तळघरात ठेवत आहेत. तरुणपणीच गोड बोलणारी ही वाइन वजाबाकी सुरू झाल्यावर काय शिल्लक ठेवील, तिच्यात पुरेशी आम्लता आहे का, आणि तिला इतके थांबवण्यामागे ठेवणाऱ्याला नक्की काय हवे आहे, फळ गेल्यानंतरची ती जंगलजमीन की आपल्या पश्चात कुणाच्या तरी हाती काही पोचावे ही इच्छा, हे प्रश्न त्या पेट्यांबरोबरच खाली उतरतात.